जड पाणी, धरलेले नळ आणि गीझरच्या पोटातला चुना

शॉवरची चार-पाच भोकं तिरकी मारायला लागतात. पाणी अंगावर यायच्या ऐवजी बाजूच्या भिंतीवर उडतं. आपण टाचणी घेऊन ती कोरतो, दोन आठवडे बरे जातात, की पुन्हा तेच. मी कित्येक वर्षं टाचणीच चालवत होतो. मग एकदा गीझरमधून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज यायला लागला म्हणून तो उघडला, तर आतून मोठा तांब्या भरेल एवढ्या पांढऱ्या खपल्या निघाल्या. कॉइल तर ओळखूच येईना, पोवळ्याच्या फांदीसारखी दिसत होती. शॉवर बिचारा नुसती तक्रार करत होता, दुखणं गीझरच्या पोटात होतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी गीझर, मग नळ आणि शॉवर, पाइपचा विचार सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण नळ डोळ्यांसमोर असतो आणि गीझरला झाकण असतं.

थर धरतो कुठे

पाणी जमिनीतून आणि खडकांतून झिरपत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येतं. ते बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असतात तोवर दिसत नाहीत. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साध्या भाषेत खडूची भुकटी, खाली बसते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं मात्र उलटं: पाणी जितकं गरम, तितका हा थर जास्त धरतो. म्हणून सगळ्यात तापलेला पृष्ठभाग सगळ्यात आधी पांढरा होतो, आणि गीझरमध्ये तो पृष्ठभाग म्हणजे कॉइल.

दुसरी जागा म्हणजे जिथे पाणी सुकतं. नळाचं तोंड, शॉवरची भोकं, काच, टाइल्स. थेंब वाळतो, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. या दोन जागा सोडल्या तर थंड पाण्याच्या पाइपात सहसा फारसं काही होत नाही.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणायचे. आम्ही तो शब्द नुसता पाठ केला, पण फेस धड येत नाही ते पाणी, इतका सरळ अर्थ त्यात आहे. बोलताना आपण जड किंवा कठीण म्हणतो, कधीकधी खारंही म्हणतो, आणि तिथे घोळ होतो. चवीला खारट पाणी जड असेलच असं नाही, आणि चवीला गोड लागणारं पाणी चांगलंच जड असू शकतं.

थोडा हिशोब करून बघा. पाण्याचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल आणि घरात रोज १०० लिटर गरम पाणी वापरलं जात असेल, तर गीझरमधून रोज ३० ग्रॅम, वर्षाला जवळजवळ ११ किलो क्षार जातात. बहुतेक पाण्याबरोबर वाहून जातात. पण शंभरातला एक भाग जरी आत राहिला तरी वर्षाकाठी १०० ग्रॅमच्या वर चुना साठतो.

आधी मोजा

यात सगळ्यात जास्त फसवणूक टीडीएस मीटरने होते. तो पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र धरतो, मीठसुद्धा. त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा वाटा किती हे त्याला कळत नाही. पाणी मृदू करणारं यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, उत्तम चालत असलं तरी आत शिरणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस जवळपास सारखाच दिसतो, कारण तिथे कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. तो आकडा बघून ‘यंत्र चालत नाही’ म्हणून भांडणारे लोक मी पाहिलेत.

जडपणा मोजायचा तर थेंबांची किट घ्या. ठरावीक पाण्यात आधी रंगाचं द्रावण घालायचं, पाणी लालसर होतं. मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. रंग निळा झाला की थांबायचं आणि थेंबांच्या संख्येला किटवर दिलेल्या आकड्याने गुणायचं. उत्तर लिटरला किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असं येतं. ६० पर्यंत मृदू, ६१ ते १२० मध्यम, १२१ ते १८० जड आणि १८० च्या वर खूप जड, ही सर्रास वापरली जाणारी वर्गवारी आहे. काही यंत्रांवर आकडा ग्रेनमध्ये असतो. गॅलनमागे १ ग्रेन म्हणजे लिटरला १७.१ मिलिग्रॅम.

किट नसेल तर साबणावर अंदाज निघतो. दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत डिस्टिल्ड किंवा स्वच्छ पावसाचं पाणी, दुसरीत नळाचं. दोन्हींत साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवा. हँडवॉश आणि शाम्पू इथे चालत नाहीत, ते जड पाण्यातही फेस देतात. पहिल्या बाटलीत फेस टिकून राहतो, दुसरीत पाणी दुधाळ होतं आणि वर दह्यासारखा चोथा तरंगतो. आकडा मिळत नाही, पण पुढचे उद्योग करायचे की नाही हे ठरवता येतं.

अडलंय कुठे, हे बादलीने ठरवा

पाना हातात घ्यायच्या आधी एक बादली आणि घड्याळ घ्या. प्रत्येक नळाखाली, थंड आणि गरम दोन्ही बाजू वेगवेगळ्या पूर्ण उघडून, बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहून काढा.

एकच नळ मंद असेल तर दोष त्याच्या जाळीत किंवा आतल्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे दांडीखालच्या पाणी उघडबंद करणाऱ्या भागात. घरातले सगळे गरम नळ मंद आणि थंड व्यवस्थित असतील, तर गीझरमध्ये पाणी शिरणारा व्हॉल्व्ह, बाहेर पडायची जागा किंवा तिथला लवचीक जोडपाइप चोंदलाय. गरम आणि थंड दोन्ही सगळीकडे मंद असेल तर क्षारांना दोष देण्याआधी टाकीचा मुख्य कॉक पूर्ण उघडा आहे का, मुख्य फिल्टर तुंबलाय का, हे बघा. यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण अर्धवट फिरवून ठेवलेला कॉक हे फार नेहमीचं कारण आहे.

गीझरची परीक्षा वेळेने होते. १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण १८ मिनिटं घेतो. हे गणित साधं आहे, तुमच्या गीझरचे आकडे घालून तुम्हीही करू शकता: लिटर गुणिले वाढलेले अंश गुणिले ४१८६, भागिले वॅट, म्हणजे सेकंद मिळतात. दिवा आठ-दहा मिनिटांतच बंद होत असेल आणि पाणी मात्र कोमटच असेल, तर थर्मोस्टॅटची, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणाऱ्या भागाची, नळी चुन्याखाली गाडली गेली असण्याची शक्यता मोठी. तिच्याभोवती कॉइलची उष्णता कोंडते, थर्मोस्टॅटला वाटतं पाणी तापलं, आणि तो वीज तोडतो.

‘थर धरला की विजेचं बिल दुप्पट येतं’ असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. विजेच्या गीझरच्या बाबतीत ते पटण्यासारखं नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाणार, दुसरी वाट नाही. नुकसान होतं ते कॉइलचं: थरामुळे उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, कॉइल आतल्या आत प्रमाणाबाहेर तापते, तिचं आवरण तडकतं आणि एके सकाळी ईएलसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. गॅसच्या गीझरचं मात्र वेगळं आहे. तिथे पाण्यात न गेलेली उष्णता धुरासोबत निघून जाते, म्हणजे गॅस खरोखर वाया जातो.

ॲसिड कोणतं आणि किती

खडू आंबटात विरघळतो, एवढंच सूत्र आहे. व्हिनेगर चालतं, सायट्रिक ॲसिडची पूड चालते. किती लागेल हे मात्र कुणी सांगत नाही. १०० ग्रॅम चुना पूर्ण विरघळवायला ५ टक्क्यांचं व्हिनेगर जवळजवळ अडीच लिटर लागतं. तेच काम १३० ते १४० ग्रॅम सायट्रिक ॲसिड करतं. लोक कपभर व्हिनेगर ओततात, पाच मिनिटं बुडबुडे येतात, थांबतात, आणि ‘काही उपयोग होत नाही’ म्हणतात. बुडबुडे थांबले आणि थर तसाच असला तर ॲसिड संपलंय. नवीन घाला.

माझं नेहमीचं प्रमाण लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, थर जाड असेल तर १०० ग्रॅम. पाणी कोमटच ठेवा. उकळत्या पाण्यात कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ तयार होऊन तोच वर बसू शकतो. द्रावण दुधाळ झालं की ओतून द्या आणि ताजं करा.

नवीन व्हिनेगर घालूनही एक बुडबुडा येत नसेल, तर तो थर कार्बोनेटचा नाही. सल्फेटचा किंवा सिलिकाचा असू शकतो, आणि त्यावर घरगुती आंबट काही करत नाही. तिथे खरवडणं किंवा भाग बदलणं एवढंच उरतं. अर्धा दिवस भिजत घालण्याआधी एक खपली काढून वाटीत व्हिनेगर टाकून बघावं ते एवढ्यासाठीच.

फरशी आणि संडास धुवायचं पिवळसर ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, मी एकदा शॉवरवर वापरलं. चुना दहा सेकंदांत गेला. त्याच्यामागून चकाकीही गेली आणि खालचं पितळ दिसायला लागलं. ते स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडतं आणि जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय पाइपचा मुलामा खातं. ते घरातल्या नळांपासून लांब ठेवा. कोणतंही ॲसिड, अगदी व्हिनेगरसुद्धा, ब्लीचिंगच्या द्रावणात मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. आणि संगमरवरावर आंबटाचा थेंबही नको, कारण संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे.

गीझर

वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तिच्या अटी वाचा, झाकण उघडल्यावर ती संपते असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं. विजेच्या कामाची सवय नसेल तर खालच्या टप्प्यांतलं पाणी काढणं आणि धुणं तेवढं स्वतः करा, कॉइल काढायला मिस्त्री बोलवा. हे वर्णन भिंतीवरच्या उभ्या साठवणीच्या गीझरचं आहे. आडव्याचे आणि जमिनीवरच्याचे जोड वेगळ्या जागी असतात.

१. गीझरच्या लाइनचा एमसीबी, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीतला स्विच, पाडा, भिंतीवरचा नुसता स्विच पुरत नाही. टेस्टर लावून खात्री करा. गरम नळ उघडून थंड पाणी येईपर्यंत वाहू द्या.

२. गीझरला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा. गरम नळ पुन्हा उघडून आतला दाब जाऊ द्या.

३. खाली मोठी बादली ठेवा आणि दोन्ही जोडपाइप सोडवा. इथे एक गंमत आहे. पाणी शिरायची नळी टाकीच्या तळाशी उघडते, बाहेर जायची नळी आत वर टोकापर्यंत गेलेली असते. त्यामुळे टाकी रिकामी होते ती आत येणाऱ्या बाजूने, आणि त्यासाठी दुसऱ्या बाजूने हवा शिरायला हवी. नुसता एकच पाइप सोडून ‘पाणी का येत नाही’ म्हणून बसणं मी केलेलं आहे. आत येणाऱ्या तोंडावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो पाणी उलटं जाऊ देत नाही. तो काढावा लागतो किंवा त्याची दांडी उचलून धरावी लागते.

४. पाणी संपत आलं की गढूळ, मग पांढरी वाळू, मग खपल्या येऊ लागतात. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि जोडपाइप तात्पुरते परत लावून अँगल कॉक झटक्याने उघडा, दोन-तीन लिटर आत जाऊ द्या, बंद करा, पुन्हा काढा. झटक्याने आलेलं पाणी तळाचा गाळ ढवळतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत चार-पाच वेळा करा. थर पातळ असेल आणि आवाज येत नसेल तर एवढ्यावर थांबायलाही हरकत नाही.

५. पुढे जायचं असेल तर खालचं झाकण उघडा. तारांना हात लावण्याआधी मोबाईलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा, अर्थिंगची तारही त्यात दिसू द्या. थर्मोस्टॅट ओढून काढा, मग कॉइल जिच्यावर बसवलेली असते त्या गोल पट्टीचे बोल्ट सोडवा. पट्टी एकदम सुटते आणि आत राहिलेला चिखल थेट बाहीत शिरतो, तेव्हा बादली हलवू नका.

६. कॉइल प्लॅस्टिकच्या भांड्यात अशी टांगा की पाण्यातला भाग द्रावणात बुडेल आणि तारांची टोकं कोरडी राहतील. एक ते तीन तास पुरतात. थर फुगतो, भेगाळतो, आणि अंड्याच्या कवचासारखे तुकडे बोटाने निघून येतात. हातोडी, सुरी, पक्कड यातलं काही नको, कॉइलच्या आवरणावर एक चर पडली तरी ती पुढे तिथूनच फुटते. तांब्याची कॉइल असेल तर द्रावणात लागेल तेवढाच वेळ ठेवा.

७. अॅनोड बघा. टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी ही मॅग्नेशियमची, काही गीझरांत अॅल्युमिनियमची कांडी. आतली तार उघडी दिसत असेल, किंवा जाडी निम्म्याहून कमी झाली असेल, तर बदला. चुन्याचा थर काढण्याच्या गडबडीत लोक हिला विसरतात आणि दोन वर्षांनी टाकीच गळते. तिला ॲसिडमध्ये घालू नका. मॅग्नेशियम आंबटात विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. टाकीत थेट द्रावण ओतून ठेवायचा उपाय मला आवडत नाही तो याचमुळे. टाकीसाठी पाण्याचे झटके आणि लाकडी काडी पुरेशी आहे.

८. मल्टिमीटर असेल तर कॉइलचा रोध मोजा. २३० व्होल्टवर २००० वॅटची कॉइल सुमारे २६ ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर ती तुटली आहे. कॉइलच्या टोकाचा आणि बाहेरच्या धातूचा संबंध कुठेही यायला नको. ही शेवटची चाचणी नीट करायला मेगर, म्हणजे वीज गळते का हे जास्त व्होल्टवर तपासणारा मीटर, लागतो, तो इलेक्ट्रिशियनकडे असतो.

९. गॅस्केट नवीनच घाला. जुनं वरून कितीही चांगलं दिसलं तरी ते एका आकारात दबून बसलेलं असतं आणि पुन्हा घट्ट बसत नाही. बोल्ट समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे आवळा. पाइपच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप फिरवा.

१०. गरम नळ उघडा ठेवून गीझर भरा. फुसफुस थांबून अखंड धार येईपर्यंत थांबा. गळती नाही हे कोरड्या कागदाने सगळे जोड पुसून बघा. मगच वीज. टाकी रिकामी असताना कॉइल चालू झाली तर काही क्षणांत जळते, आणि सगळी मेहनत तिच्याबरोबर.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल दोन शब्द जास्त. पाणी तापताना प्रसरण पावतं. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे २०० मिलिलिटर जागा जास्त मागतं. नळ बंद असतील तर तेवढं पाणी त्या व्हॉल्व्हमधून ठिबकणं हे बिघाडाचं लक्षण नाही, त्याचं कामच ते आहे. मी एका घरी त्या ठिबकणाऱ्या नळीला बूच मारलेलं पाहिलंय, ‘फरशी ओली होते’ म्हणून. बंद टाकीत पाणी तापत राहिलं आणि दाबाला वाट नसली तर टाकी फुटते. चुना या व्हॉल्व्हलाही धरतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून त्याची दांडी उचलून पाणी सुटतं का हे बघा. सुटत नसेल, किंवा एकदा सुटल्यावर बंदच होत नसेल, तर तो साफ करत बसू नका, बदला.

गॅसचा आणि इन्स्टंट गीझर

यांत साठा नसतो, बारीक नळीतून पाणी झपाट्याने तापत जातं. थर पातळ असला तरी परिणाम लवकर दिसतो: धार मंद होते, ज्योत पेटते आणि विझते, आतून टकटक आवाज येतो. आधी पाणी शिरायच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी काढून धुवा, बऱ्याचदा सगळं नाटक तिच्यातच असतं.

आत थर असेल तर द्रावण फिरवावं लागतं. गॅस, वीज आणि पाणी तिन्ही बंद करा. बादलीत सायट्रिक ॲसिडचं द्रावण, त्यात छोटा पाण्यात बुडणारा पंप, एक नळी गीझरच्या आत येणाऱ्या तोंडाला, दुसरी बाहेर जाणाऱ्या तोंडातून परत बादलीत. पाऊण ते एक तास फिरू द्या. बादलीतलं द्रावण फेसाळायचं थांबलं आणि तरीही आंबट उरलं असेल तर चुना संपला. नंतर दहा मिनिटं साधं पाणी. बर्नर आणि धुराची बाजू तंत्रज्ञाकडेच ठेवा. हा गीझर बंद खोलीत लावलेला असेल तर चुन्याची काळजी नंतर करा, आधी हवा खेळती करा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नळ, शॉवर, कार्ट्रिज

शॉवर काढता येत असेल तर काढून भिजवा. नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत द्रावण घेऊन ती रबरबँडने त्याच्या तोंडाला बांधा. अर्धा ते एक तास, रात्रभर नको, हलक्या मुलाम्याला फोड येतात. रबरी भोकं असतील तर अंगठ्याने चोळली तरी खपली सुटते. नळाच्या तोंडाची जाळी हाताने फिरवून निघते, धरलेली असेल तर कापड गुंडाळून पक्कड लावा. ती उलटी धरून धुवा, नाहीतर कण आत ढकलले जातात.

दांडी जड फिरायला लागली तर आतलं कार्ट्रिज बघा. पाणी बंद करून ते बाहेर काढा, भिजवा, रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल किंवा इंजिनचं तेल नको, त्याने रबर फुगतं. कपडे धुण्याच्या यंत्राच्या मागे पाणी शिरतं तिथेही एक बोटभर जाळी असते, ‘पाणी भरायला वेळ लागतो’ ही तक्रार तिथे संपते.

पाइप

पाइपातला थर घरी काढायच्या फंदात मी पडत नाही. गीझरमधून निघणारा लवचीक जोडपाइप आणि त्यापुढचा हातभर भाग सगळ्यात आधी भरतो, तेवढा बदलला की बहुतेक वेळा गरम नळ सुटतात. १५ मिलिमीटर पोकळीच्या पाइपात सगळ्या बाजूंनी २ मिलिमीटर थर बसला की पोकळी ११ मिलिमीटर उरते, आणि त्याच दाबाला पाणी निम्म्याहून कमी येतं. जुन्या जीआय पाइपांत चुना आणि गंज एकमेकांना धरून बसलेले असतात. तिथे ॲसिड फिरवलं तर थराने बुजवलेली भोकं उघडी पडतात आणि भिंत ओली होते. बदलायची वेळ आलीच तर गरम लाइनसाठी सीपीव्हीसी किंवा पीपीआर हे गरम पाण्याचे प्लॅस्टिक पाइप घ्या, त्यांचा आतला भाग गुळगुळीत असतो आणि ते गंजत नाहीत.

पुन्हा कमी धरावा म्हणून

सगळ्यात स्वस्त उपाय थर्मोस्टॅटची चकती फिरवणं. ७० किंवा ७५ अंशांवर पाणी तापवायचं आणि मग बादलीत थंड मिसळून घ्यायचं, यात आपण चुना विकत घेत असतो. ६० च्या वर थर धरण्याचा वेग चांगलाच वाढतो. मात्र फार खालीही आणू नका. लिजिओनेला नावाचे जंतू २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतात. साठवणीच्या गीझरमध्ये ५५ ते ६० ठेवा, आणि घरात वयस्क किंवा आजारी माणूस असेल तर ६० च.

जडपणा १८० च्या बराच वर असेल आणि गीझर वर्षाला दोनदा उघडावा लागत असेल, तर सॉफ्टनरचा विचार करा. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते धुवायचे. हे चक्र वेळेवर झालं नाही तर यंत्र म्हणजे नुसता पाइपचा एक तुकडा. लिटरला ३०० मिलिग्रॅम जडपणा काढला की पाण्यात सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियमची भर पडते. म्हणून ते पाणी पिण्याला आणि झाडांना नको. ती लाइन आधीच वेगळी काढा, आणि सॉफ्टनर फक्त गीझर व कपड्यांच्या यंत्राला द्या. अशा पाण्यात अॅनोड लवकर झिजतो, तेव्हा त्याच्याकडे जरा जास्त वेळा बघावं लागतं.

पॉलिफॉस्फेटच्या खड्यांचा छोटा फिल्टर क्षार काढत नाही, त्यांना चिकटू देत नाही. मध्यम जड पाण्याला आणि कमी तापमानाला बरा, फार गरम पाण्यात त्याचा असर उतरतो. पाइपभोवती बांधायच्या चुंबकांचे निकाल इतके खालीवर आहेत की मी त्यासाठी खिशात हात घालणार नाही. नळ आणि काच वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसणं मात्र खरोखर काम करतं, फक्त कंटाळा येतो.

गीझर किती दिवसांनी उघडायचा याचं उत्तर पहिल्या सफाईतच मिळतं. निघालेल्या खपल्या फेकू नका. गाळून घ्या, उन्हात वाळवा आणि वजन करा. माझा ठोकताळा असा: वर्षभरात १०० ग्रॅमच्या आत निघालं तर पुढच्या वेळी दीड-दोन वर्षांनी, २०० च्या वर गेलं तर सहा महिन्यांनी. तारीख आणि वजन मार्करने गीझरच्या खालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या वेळी झाकण कुणीही उघडलं, तरी ते आधी तेच वाचेल.